गाडीचा रंग नेमका उडतो कुठे?

एप्रिलच्या अखेरीस चोपड्याला मामांकडे गेलो होतो. अंगणात त्यांची जुनी लाल गाडी उभी होती. बोनेटला हात टेकवून बोलत होतो, हात उचलला तर तळवा गुलाबी. मामा म्हणाले, "गाडीना रंग उडी गया. आते काय करानं?" शेजारी मामेभावाची काळी गाडी होती, वयाने बरीच लहान. तिचं दुखणं वेगळं. टपावर पांढरट नकाशे उमटले होते आणि त्यांच्या कडा सापाच्या कातीसारख्या सुटायला लागल्या होत्या.

दोघींना एकच औषध द्यायचा मामांचा बेत होता: रबिंग, म्हणजे वरचा रंग घासून चमकवून आणायचा. एकीला ते लागू पडलं असतं. दुसरीचं मात्र होतं तेही गेलं असतं.

जुन्या गाड्या, ट्रॅक्टर, बऱ्याच मालवाहू गाड्या यांना वरचा रंग एकाच थराचा असतो; रंगकण आणि त्यांना धरून ठेवणारी राळ एकत्र मिसळलेली. नंतरच्या बहुतेक गाड्यांत रंगाचा थर खाली असतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. पत्र्यापासून वरपर्यंत प्रायमरसकट (रंगाखालचा अस्तराचा थर) सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. आपला केस सुमारे 70 मायक्रॉनचा. म्हणजे गाडीचं सगळं रूप दोन केसांच्या जाडीत मावतं, आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉन.

आपल्याकडे सगळा दोष उन्हाळ्याच्या तापावर जातो. भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे गेला की तसं वाटणं साहजिक आहे. खरा चोर मात्र दिसत नाही. उन्हातले अतिनील किरण राळेच्या लांबलचक रेणूंचे बंध तोडतात. तुटलेलं टोक हवेतला ऑक्सिजन पकडतं, मग शेजारच्या रेणूतला हायड्रोजन ओढतं, त्यामुळे तो शेजारीही बिघडतो आणि साखळी पुढे चालू राहते. यालाच ऑक्सिडेशन म्हणतात. ताप या कामाला वेग देतो. उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा 70 अंशांपर्यंत सहज तापतो. राळ मेली की रंगकण मोकळे होतात. मामांच्या बोनेटवरून माझ्या तळव्यावर आले ते हेच. लाल रंगात आणखी एक भर पडते: लाल रंगकण बहुधा सेंद्रिय असतात आणि प्रकाशातला निळा-जांभळा, जास्त ऊर्जेचा भाग शोषतात. त्यामुळे राळेबरोबर तेही खचतात. पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः टिकाऊ असतो, पण अतिनील प्रकाशात तोच आसपासच्या राळेचं विघटन घडवू शकतो. जुन्या पांढऱ्या पिकअपला पाठ लागली की शर्टावर खडू उमटतो, तो त्यामुळे.

टप आणि बोनेट आधी जातात, दारं मागाहून, हेही पाहण्यासारखं. खानदेश 21 अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे शून्य सावली दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. जुलैच्या मध्याला तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन आडव्या पत्र्यावर सरळ पडतं, दारांवर तिरपं. वातावरणातून त्याची वाटही तेव्हा सर्वांत आखूड असते, म्हणून अतिनील किरण जास्त पोचतात.

आता पांढरटपणाचं. खडीसाखरेचा खडा बऱ्यापैकी आरपार दिसतो, दळून पिठीसाखर केली की पांढरीफेक. पदार्थ तोच, पण असंख्य बारीक पृष्ठभागांवरून प्रकाश वाटेल तिकडे विखुरतो. ऑक्सिडेशन झालेल्या गाडीवर असेच सूक्ष्म खड्डे आणि भेगा असतात. पण घामाने भिजलेल्या पांढऱ्या बंडीतून अंग दिसतं, कारण धाग्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. प्रकाश वाकवण्याची पाण्याची ताकद धाग्याच्या बरीच जवळची, त्यामुळे विखुरणं कमी होतं.

निदान याच बंडीवर आहे. गाडी धुऊन वाळवा, सावलीत घ्या आणि पत्रा गार झाल्यावर फिकट भागावर बाटलीने पाणी ओता. ओलं असेपर्यंत मूळ रंग झळाळून आला, तर बिघाड वरवरचा आहे, घासून निघेल. पाण्याखालीही पांढरे डाग तसेच राहिले, किंवा कडेवर नख फिरवल्यावर पायरी लागली, तर क्लिअर कोट खालच्या थरापासून सुटला आहे. त्याला जगातलं कुठलंही पॉलिश चिकटवू शकत नाही. एक थर आहे की दोन, हे कळायला पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड (रंग घासायची लुगदी) घेऊन आडजागी घासावं. फडक्यावर गाडीचा रंग आला तर एकच थर.

मामांची गाडी पाण्याखाली लालबुंद झाली. भावाच्या टपावरचे नकाशे हलले नाहीत.

लाल गाडीचं काम आम्ही घरीच केलं. आधी साध्या कार शाम्पूने धुणं. कपड्यांची पावडर नको. मग चिकट धूळ ओढून घेणारी क्ले, ओली करून हलक्या हाताने. मग कंपाउंड. त्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिबारीक कण असतात. ते मेलेला थर खरवडतात आणि खालचा जिवंत, सपाट थर उघडा पाडतात. मग त्याहून बारीक पॉलिश, शेवटी मेण. उतरत्या उन्हात, सावलीला, एकावेळी हातभर जागा. दोघांचे खांदे भरून आले. मशीन होतं, पण शिकाऊ हाताने ते बोनेटच्या उंचवट्यांवर फिरवू नये. तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि क्षणात प्रायमर दिसायला लागतो. जाणकार कारागीर अशा कडांवर आधी टेप लावून घेतात.

रबिंग म्हणजे रंगाची भर नव्हे, खर्च आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. जोरदार रबिंगमध्ये दर वेळी काही मायक्रॉन जातात. शिवाय क्लिअर कोटमध्ये कारखान्यानेच अतिनील किरण शोषणारी आणि तुटलेल्या रेणूंची साखळी थोपवणारी रसायनं घातलेली असतात. जेवढा थर घासला, तेवढं तेही गेलं. दर सर्व्हिसिंगला रबिंग करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. सिरॅमिक कोटिंगबद्दलही असंच: चांगल्या रंगावर ते चांगलं, पण फिकट रंगावर लावलं तर फिकटपणाच पॅक होतो.

भावाच्या टपाला इलाज एकच होता. क्लिअर कोट आणि खालचा रंग घासून काढायचा आणि अख्खा टप नव्याने रंगवायचा. गॅरेजवाल्याने आधी फक्त डागापुरता रंग मारू म्हटलं होतं. स्वस्त पडलं असतं, पण शेजारचा थरही त्याच उन्हात तेवढीच वर्षं भाजलेला. वर्ष-दोन वर्षांत नव्या रंगाच्या कडेनेच साल सुटली असती.

गाडी आता कडुनिंबाखाली लावतात. ऊन टळलं, कावळे टळले नाहीत. विष्ठेतलं यूरिक आम्ल तर आहेच, शिवाय उन्हात मऊ पडलेला क्लिअर कोट वाळलेल्या विष्ठेभोवती त्याच आकारात घट्ट होतो. म्हणून ती लगेच ओल्या फडक्याने भिजवून काढावी, कोरडी खरवडू नये. बोअरच्या जड पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळवली तर क्षारांचे गोल डाग बसतात, हा त्यातलाच दुसरा प्रकार. फडक्याने लगेच पुसून घेतलं की झालं.

एक गंमत राहिली. पाणी जे क्षणभर करतं, तेच डिझेलचा किंवा तेलाचा पोछा दोन-चार दिवस करतो. खड्डे भरतात, रंग उजळतो आणि जुनी गाडी चांगल्या भावात जाते. त्यावर पाणी ओतलं की ते सगळीकडे थेंबाथेंबाने पळतं आणि फडक्याला तेलकट वास येतो. गेल्या महिन्यात मामा धुळ्याला एक जुनी गाडी बघायला गेले. शाम्पूच्या पाण्याची बाटली आणि पांढरं फडकं घेऊन. विकणाऱ्याने विचारलं, "काय धुवायला आला का?" मामांनी बोनेटवरचा हातभर भाग धुतला, सुकवला आणि काही न बोलता त्याला बाजूने बघायला बोलावलं. चौकोन उरलेल्या बोनेटपेक्षा पांढरट दिसत होता.