सायटेशन जास्त म्हणजे संशोधक मोठा?

‘ज्याच्या शोधनिबंधांना सायटेशन जास्त, त्याचा शोध मोठा’ हा समज जुनाच. सायटेशन म्हणजे इतरांनी केलेला उल्लेख. तो का केला, हे त्या आकड्यातून कळत नाही.

मेंदूतल्या रिसेप्टरवरचं, म्हणजे औषध ज्याला चिकटतं त्या पेशीतल्या प्रथिनावरचं, कामच घ्या. औषध रिसेप्टरला किती घट्ट चिकटतं, हे मोजताना रिसेप्टरवर आधी रेडिओलिगँड, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ, चिकटवतात. त्यातला निम्मा हटवायला लागणारी औषधाची मात्रा म्हणजे आयसी-५०. त्यावरून केआय (औषधाच्या चिकटण्याचं माप, जितका कमी तितकं घट्ट) काढायचं सूत्र १९७३ च्या एका निबंधात आहे: आयसी-५० ला (१ + रेडिओलिगँडची मात्रा ÷ त्याचा केडी) ने भागायचं. केडी म्हणजे निम्मे रिसेप्टर भरणारी रेडिओलिगँडची मात्रा. आयसी-५० ३० नॅनोमोलर, रेडिओलिगँड २, केडी १. म्हणजे केआय १०. हे गणित केलं की प्रयोगशाळा त्या निबंधाचा उल्लेख करते. निबंध उपयोगाचा आहेच, पण त्याने नवा रिसेप्टर शोधलेला नाही. आढावा-लेखांचंही तसंच, तेही भरपूर उद्धृत होतात.

संशोधकाचे निबंध आणि सायटेशन एकाच आकड्यात मांडणारा एच-इंडेक्स २००५ मध्ये सुचवला गेला. प्रत्येकी किमान २० सायटेशन असलेले २० निबंध, तर एच २०. एकच निबंध आणि ५,००० सायटेशन, तरी एच १! शिवाय तो वयाबरोबर वाढतो, कधी घटत नाही.

तपासायचं तर निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या दहांतले आढावे आणि पद्धती वेगळ्या काढा, स्वतःचेच उल्लेख वजा करा. लेखकांत नाव कुठे आहे तेही बघा. या क्षेत्रात पहिला बहुधा प्रयोग करणारा, शेवटचा प्रयोगशाळाप्रमुख. मग उद्धृत करणारे चार-पाच निबंध उघडून ते वाक्य वाचा. ‘आम्हाला हा निकाल पुन्हा मिळाला नाही’ हेसुद्धा सायटेशनच असतं.