ई-स्पोर्ट्स : व्यावसायिक उद्योगाची वाढ आणि भवितव्य

ई-स्पोर्ट्स म्हणजे ठरलेल्या नियमांनी, पंचांच्या देखरेखीखाली आणि प्रेक्षकांसमोर होणाऱ्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा. व्यावसायिक पातळीवर खेळाडूंना पगार मिळतो, संघांना प्रायोजक असतात, सामन्यांचे थेट प्रक्षेपण होते आणि मोठ्या स्पर्धांची अंतिम फेरी भरगच्च स्टेडियममध्ये रंगते. ‘लीग ऑफ लेजंड्स’, ‘डोटा २’, ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘व्हॅलोरंट’, ‘मोबाइल लेजंड्स’, ‘पबजी मोबाइल’, ‘स्ट्रीट फायटर’ हे त्यांतले प्रमुख खेळ. प्रत्येकाचे खेळाडू, नियम, प्रेक्षक आणि अर्थकारण वेगळे. ‘डोटा’चा विश्वविजेता ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये नवशिकाच ठरेल. ‘मैदानी खेळ’ या शब्दासारखेच ‘ई-स्पोर्ट्स’ हेही अख्ख्या कुळाचे नाव आहे.

मैदानी खेळांहून यात मूलभूत फरक आहे तो मालकीचा; उद्योगाची भरभराट, पडझड आणि भवितव्य सगळे त्याच्याभोवती फिरते. फुटबॉलला मालक नाही. चेंडू आणि मोकळी जागा मिळाली की कुणीही सामना भरवावा, नियम बदलावेत, तिकीट लावावे. ई-स्पोर्ट्समधला प्रत्येक खेळ मात्र कुठल्या ना कुठल्या कंपनीची बौद्धिक संपदा असतो. सामना भरवायला आणि दाखवायला तिची परवानगी लागते, नियम ती एका अपडेटमध्ये बदलू शकते, आणि तिने सर्व्हर बंद केले तर खेळच उरत नाही.

उगम

१९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘स्पेसवॉर’ची स्पर्धा झाली. बक्षीस होते ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी. १९८० मध्ये अटारीने अमेरिकेत भरवलेल्या ‘स्पेस इनव्हेडर्स’ स्पर्धेत सुमारे १०,००० जण उतरले. १९९७ मध्ये ‘क्वेक’ची स्पर्धा जिंकणाऱ्या डेनिस फाँग यांना त्या खेळाचे एक निर्माते जॉन कारमॅक यांनी स्वतःची फेरारी दिली. हे सारे गाजले, पण सुटे सुटे प्रसंगच राहिले.

उद्योग म्हणून घडी बसली ती दक्षिण कोरियात. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर तिथे ब्रॉडबँडचे जाळे झपाट्याने पसरले, तासावर संगणक भाड्याने देणारी ‘पीसी बँग’ नावाची दुकाने गल्लोगल्ली उघडली आणि १९९८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ बाजारात आला. २००० मध्ये कोरियन ई-स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे ‘केस्पा’, स्थापन झाली. त्याच वर्षी गेमिंगला वाहिलेली दूरचित्रवाहिनीही सुरू झाली. संघाच्या घरात एकत्र राहून सराव, ठरावीक पगार, प्रशिक्षक, साप्ताहिक लीग ही आज जगभर रूढ असलेली पद्धत तिथे रुजली.

मालकीचा प्रश्नही तिथेच पेटला. २००७ मध्ये केस्पाने ‘स्टारक्राफ्ट’ सामन्यांचे प्रक्षेपण हक्क विकले, पण खेळ होता ब्लिझार्ड कंपनीचा. वाद कोर्टात गेला आणि २०११ मध्ये तडजोडीने मिटला. पुढच्या कंपन्यांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. रायट गेम्सने ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या प्रमुख लीगची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवली. निन्टेन्डोने नोव्हेंबर २०२० मध्ये नोटीस पाठवून ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ची एक ऑनलाइन स्पर्धा थांबवली. ब्लिझार्डने डिसेंबर २०१८ मध्ये ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ची लीग पुढच्या वर्षी होणार नाही असे एका निवेदनात सांगितले आणि त्या खेळावर पोट असलेल्या खेळाडूंचा, समालोचकांचा व्यवसाय त्या दिवशी संपला. संघ फोडता येतो, लीग विकता येते. खेळ मात्र दुसऱ्याकडे नेता येत नाही.

जून २०११ मध्ये ट्विच हे थेट प्रक्षेपणाचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर दूरचित्रवाहिनीची गरज संपली. २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते ९७ कोटी डॉलरना विकत घेतले. प्रेक्षक जगभर वाढला आणि फुकट पाहायची सवय त्याला पहिल्या दिवसापासून लागली. उद्योगाची सगळ्यात मोठी अडचण याच सवयीत आहे.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

संघाच्या उत्पन्नात मोठा वाटा प्रायोजकांचा. त्याखालोखाल खेळाच्या मालक कंपनीकडून मिळणारा हिस्सा, जर्सीसारख्या वस्तूंची विक्री आणि बक्षीस रक्कम. बक्षिसाचा बहुतेक भाग खेळाडूंकडे जातो, त्यामुळे जिंकणाऱ्या संघाचाही ताळेबंद तोट्यात असू शकतो. खर्चाच्या बाजूला पगार सगळ्यांत जड असतात. प्रक्षेपण हक्कांवर मैदानी खेळांच्या लीग जगतात. इथे तो झरा जवळपास कोरडा आहे.

पैसा खरोखर वाहतो तो खेळाच्या आत. ‘डोटा २’ची ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धा २०११ मध्ये १६ लाख डॉलरच्या बक्षिसाने सुरू झाली. २०१३ पासून व्हॉल्व्ह कंपनीने प्रेक्षकांना एक डिजिटल पुस्तिका विकायला घेतली आणि विक्रीतला २५ टक्के हिस्सा बक्षिसात टाकला. २०२१ मध्ये बुखारेस्टला झालेल्या स्पर्धेत ही रक्कम ४ कोटी डॉलरवर गेली. विजेत्या टीम स्पिरिटला १ कोटी ८२ लाख मिळाले. हिशेब मांडून पाहा : मूळ १६ लाख वजा केले तर ३ कोटी ८४ लाख प्रेक्षकांकडून आले, आणि ते विक्रीच्या चौथ्या हिश्शाएवढे. म्हणजे विक्री साधारण १५ कोटी ३६ लाखांची आणि कंपनीकडे राहिले ११ कोटींहून अधिक. २०२३ मध्ये व्हॉल्व्हने ही पद्धत मोडली आणि बक्षीस ३२ लाखांच्या आसपास उतरले. ‘डोटा’चे प्रेक्षक दोन वर्षांत बारा पटींनी घटले नव्हते, विक्रीची वस्तू बदलली होती. बक्षिसाच्या आकड्यावरून उद्योगाची तब्येत मोजणारे इथेच फसतात.

दुसरी वाट गुंतवणूकदारांच्या पैशाची. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ओव्हरवॉच लीग’मध्ये शहरांच्या नावाने संघ विकले गेले, एका जागेची किंमत सुमारे २ कोटी डॉलर होती. अपेक्षा अशी, की प्रत्येक शहरात घरचे सामने होतील आणि तिकीट विक्रीतून पैसे सुटतील. घरच्या सामन्यांचे वेळापत्रक नेमके २०२० मध्ये सुरू झाले आणि कोविडने ते गुंडाळले. २०२३ च्या हंगामानंतर लीगच बंद झाली. फेझ क्लॅन हा संघ जुलै २०२२ मध्ये सुमारे ७२.५ कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर अमेरिकी शेअर बाजारात आला; पुढच्याच वर्षी तो दोन कोटींहूनही कमी किमतीत दुसऱ्या कंपनीत विलीन करायचे ठरले. टीएसएम या संघाने २०२१ मध्ये एफटीएक्स या कूटचलन कंपनीशी १० वर्षांचा २१ कोटी डॉलरचा नामकरण करार केला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळली. या काळाला उद्योगातले लोक ‘ई-स्पोर्ट्सचा हिवाळा’ म्हणतात. प्रेक्षकसंख्येला किंमत लावली गेली. तो प्रेक्षक वर्षाला किती रुपये-पैसे खर्च करतो हे कुणी तपासले नाही, आणि चूक तिथेच झाली.

सामन्याची मांडणी

मोठ्या स्पर्धेची तयारी संगणकांच्या जाळ्यापासून सुरू होते. प्रकाशतंतूत संकेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटर दूर असेल तर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद नुसत्या अंतरातच जातात. कितीही महाग इंटरनेट घेतले तरी ते वाचत नाहीत. म्हणून निर्णायक सामने एकाच सभागृहात, लॅनवर म्हणजे तिथल्याच स्थानिक जाळ्यावर खेळवतात आणि महामारीत जागतिक स्पर्धा खंडाखंडांत तुटल्या. पडद्याचेही तसेच : ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, २४० हर्ट्झचा ४.२ मिलिसेकंदांनी. समोरासमोरच्या गोळीबारात हा फरक जाणवतो.

स्पर्धेसाठी खेळाची आवृत्ती आधीच ठरवून गोठवतात. मध्येच पॅच, म्हणजे खेळ बदलणारे अपडेट, आला तर महिनाभराचा सराव वाया जातो. गटफेरीला ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये स्विस पद्धत वापरतात : १६ संघ, सारख्या गुणांचे संघ एकमेकांशी, ३ विजय मिळाले की पुढे आणि ३ पराभव झाले की बाहेर. पाच फेऱ्यांत ३३ सामन्यांवर निकाल लागतो. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचे तर १२० लागले असते. तीन नकाशांच्या, म्हणजे खेळातल्या तीन वेगवेगळ्या मैदानांच्या, सामन्यात दोन्ही संघ सात नकाशांतून आळीपाळीने बाद आणि निवड करतात, उरलेला सातवा निर्णायक.

एका डावाचा विचार जवळून पाहण्यासारखा आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या पाच-पाच जणांच्या गोळीबाराच्या खेळात शस्त्रे विकत घ्यायला प्रत्येक खेळाडूकडे सुरुवातीला खेळातल्या चलनाचे ८०० डॉलर असतात. फेरी जिंकली की जास्त रक्कम, हरली की कमी, लागोपाठ हरत गेलात की भरपाई वाढत जाते. त्यामुळे कधी कधी संघ मुद्दाम काही विकत घेत नाही, ती फेरी सोडून देतो आणि पुढच्या फेरीत पाचही जण पूर्ण शस्त्रांनिशी उतरतात. एकाने हट्टाने महागडी रायफल घेतली आणि चौघे पिस्तुलावर राहिले, तर फेरी जातेच. शिवाय खाली पडलेली रायफल प्रतिस्पर्धी उचलतो. सामना फिरण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. नवख्या प्रेक्षकाला गोळीबार दिसतो, जाणता प्रेक्षक आधी दोन्ही संघांच्या पैशांकडे नजर टाकतो.

सभागृहात खेळाडू कानात छोटे इअरफोन घालून त्यावर मोठा हेडसेट चढवतात. हेडसेटमधून सतत घोंघाट सोडलेला असतो, म्हणजे समालोचन किंवा गर्दीचा ओरडा ऐकून प्रतिस्पर्ध्याची जागा कळू नये. ऑनलाइन सामन्यांचे प्रक्षेपण त्याच कारणाने मुद्दाम उशिरा दाखवतात. दहा खेळाडू दहा ठिकाणी असताना कोणाच्या नजरेतून दाखवायचे हे ऑब्झर्व्हर ठरवतो. त्याचा निर्णय सेकंदभर चुकला तर लाखो प्रेक्षकांचा निर्णायक क्षण हुकतो. इतके कौशल्याचे काम, पण त्याचे नाव क्वचितच कुणाला ठाऊक असते.

गैरप्रकार

२०१० मध्ये कोरियात ‘स्टारक्राफ्ट’चे सामने निश्चित केल्याचे उघड झाले आणि केस्पाने ११ खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. अमेरिकेत २०१४ मध्ये आयबायपॉवर संघाने मुद्दाम सामना हरला. मोबदला रोख नव्हता, बंदुकांच्या डिजिटल स्किन, म्हणजे खेळातल्या बंदुकांची सजावट, होती. धोका वरच्या पातळीपेक्षा खालच्या लीगमध्ये जास्त. तिथे बक्षीस किरकोळ असते, पगार वेळेवर होत नाहीत आणि सट्ट्याची रक्कम मात्र मोठी असते.

२०२० मध्ये याहून नवल घडले. ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या एका त्रुटीमुळे प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकून राहायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली दिसायच्या. काहींनी ते कळवले, काहींनी वापरले. सामन्यांची जुनी रेकॉर्डिंग तपासून ई-स्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली. प्रत्येक हालचालीची नोंद राहते, हे या खेळांचे मोठे बळ आहे.

खेळाडूचे आयुष्य

कारकीर्द सहसा किशोरवयात सुरू होते. मनगट आणि अंगठ्याच्या शिरा, पाठ, झोप यांवर पहिला घाला पडतो. चीनचा नामवंत खेळाडू ‘उझी’ जून २०२० मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी टाइप २ मधुमेह आणि हाताच्या दुखण्यामुळे थांबला. रोज दहा-बारा तासांचा सराव म्हणजे निष्ठा, हा समज उद्योगाने लवकर सोडायला हवा. चांगले संघ आता फिजिओथेरपिस्ट आणि क्रीडा मानसतज्ज्ञ ठेवतात. विशीतच प्रतिक्रिया मंदावतात हेही अर्धसत्य आहे. ‘फेकर’ या नावाने ओळखला जाणारा ली सांग-ह्यॉक याने २०१३ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’चे पहिले विश्वविजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये पाचवे. हांगझोऊच्या आशियाई खेळांत ‘स्ट्रीट फायटर ५’चे सुवर्णपदक ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू यांनी जिंकले.

पुढची वाटचाल

सध्या सर्वांत मोठा पैसा सौदी अरेबियाचा आहे. तिथल्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या सॅव्ही गेम्स ग्रुपने २०२२ मध्ये ईएसएल आणि फेसिट या आयोजक संस्था १.५ अब्ज डॉलरना घेतल्या. २०२४ पासून रियाधमध्ये ‘ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप’ होतो. पहिल्या वर्षीची एकूण बक्षीस रक्कम ६ कोटी डॉलर होती, आणि २०२५ मध्ये त्यात बुद्धिबळही आले. संघांना या पैशाने हिवाळ्यात तगवले. पण एका देशाच्या धोरणावर उभा राहिलेला उद्योग त्या धोरणाबरोबर हलतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२४ मध्ये सौदीबरोबर ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स खेळांसाठी १२ वर्षांची भागीदारी जाहीर केली. पहिली स्पर्धा होण्याआधीच, २०२५ मध्ये, ही भागीदारी संपुष्टात आली.

रचनेबाबत दोन दिशा दिसतात. व्हॉल्व्हने २०२५ पासून ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये कायम जागा राखून ठेवणाऱ्या लीगना मज्जाव केला, प्रवेश क्रमवारीतून किंवा खुल्या पात्रता फेरीतून. रायटने भागीदार संघांची पद्धत कायम ठेवली आणि २०२५ मध्ये वरच्या पातळीवरच्या काही लीगमधील संघांना सट्टा कंपन्यांचे प्रायोजकत्व घ्यायची मुभा दिली. खुली वाट नव्या संघाला वर येऊ देते, मात्र प्रायोजकाला खात्री देत नाही. बंद वाट खात्री देते आणि खालची फळी सुकवते. दीर्घकाळ टिकायचे तर खालची फळी जिवंत ठेवणे अधिक गरजेचे आहे.

मोबाइलवरच्या खेळांचे पारडे जड होत राहील, कारण महागड्या संगणकाची अट तिथे नाही. २०२१ मध्ये ‘फ्री फायर’च्या जागतिक स्पर्धेला एका वेळी ५४ लाख प्रेक्षक लाभले होते. दुसरीकडे सरकारी निर्बंधही खरे आहेत : चीनने सप्टेंबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन गेमसाठी ठेवला. ज्या वयात खेळाडू घडतो, त्याच वयावर ही मर्यादा आली.

आशियाई खेळांत २०१८ मध्ये जकार्ताला ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या खेळांत त्यांत ७ सुवर्णपदके होती, आणि कोरियाच्या ‘लीग ऑफ लेजंड्स’ संघाला सुवर्णामुळे सक्तीच्या लष्करी सेवेतून मोठी सूट मिळाली. तिथे ‘पबजी मोबाइल’ची खास आवृत्ती बनवली गेली : खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नव्हते, गाड्या पळवत वाटेतल्या निशाण्यांवर नेम धरत होते. हा खेळ घरी कुणी खेळत नाही. पदकासाठी संघांना तो वेगळा शिकावा लागला.