जेल काढल्यानंतरचे सहा महिने

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात मुहूर्तांची रांग सुरू होते. हल्ली नवरीच्या मेकअपच्या पॅकेजमध्ये नेल एक्स्टेंशन बहुतेक वेळा असतंच, आणि करवल्याही मागे राहत नाहीत. लग्न आटोपतं, काही आठवड्यांनी नखांवर कृत्रिम थर म्हणून चढवलेलं जेल किंवा अ‍ॅक्रिलिक निघतं आणि खाली उरतं ते पातळ, मऊ, टोकाला पापुद्रे सुटणारं नख. मग मैत्रिणींपासून मावशीपर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला: "आता जरा नखांना श्वास घेऊ दे."

ही समजूत मला खोडून काढावीशी वाटते, कारण तिच्यामुळे पुढचे उपायही चुकतात. नखाचा जो भाग आपण कापतो, रंगवतो, तो मृत पेशींचा आहे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतू नाहीत, आणि हवेतल्या ऑक्सिजनची त्याला गरज नाही. जिवंत असतं ते मॅट्रिक्स, म्हणजे नखाच्या मुळाशी कातडीच्या घडीखाली दडलेला पेशींचा पट्टा. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी फिकट अर्धचंद्र दिसतो, तो या मॅट्रिक्सचाच पुढचा भाग. त्याला ऑक्सिजन आणि अन्न रक्तातून मिळतं, वर जेल असो वा नसो.

म्हणजे झिजलेलं नख भरून येत नाही. ते पुढे सरकत जातं, कापलं जातं आणि मागून नवं येतं. दोन सेटच्या मध्ये खंड जरूर घ्यावा, पण तो श्वासासाठी नव्हे. त्याच नखावर पुन्हा पुन्हा कानस चालू नये, एवढ्यासाठी.

आता थोडं खोलात जाऊ, कारण नखाची रचना खरोखर विलक्षण आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत तीन थर असतात. मधला सर्वांत जाड. त्यातले केराटिनचे, म्हणजे नख ज्या प्रथिनाचं बनतं त्याचे, धागे आडवे, म्हणजे वाढीच्या दिशेला काटकोनात असतात. वरच्या आणि खालच्या पातळ थरांत मात्र धाग्यांना अशी एक दिशा नसते. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली नखांचे तुकडे कात्रीने कापून त्यासाठी किती ऊर्जा लागते ते मोजलं. उभं कापायला आडव्याच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागली. कपाटाच्या दारात नख अडकून फाटतं तेव्हा याचा उपयोग कळतो: चीर मुळाकडे धावत नाही, आडवी वळते, तुकडा निघून जातो आणि खालचं जिवंत मांस वाचतं. पण आडव्या धाग्यांचा मधला थर वाकण्याच्या बाबतीत दुबळा. काहीही वाकवलं की सर्वाधिक ताण त्याच्या पृष्ठभागांवर येतो, आणि नखात तो झेलायचं काम वरचा आणि खालचा थर करतात.

जेल चिकटावं म्हणून नख घासतात आणि काढताना ड्रिल चालवतात किंवा उचकटतात, तेव्हा पहिला बळी जातो वरच्या थराचा. त्यात भर जाडीच्या गणिताची. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी पाव भागाने कमी झाली, तर ०.७५ चा घन म्हणजे सुमारे ०.४२, ताठपणा निम्म्याहून खाली. जाडी निम्मी झाली तर ताठपणा फक्त एक अष्टमांश उरतो. थोडंसंच तर घासलं, असं वाटतं आणि नख कागदासारखं वाकू लागतं, ते यामुळे. हा वरचा थर मॅट्रिक्सच्या अगदी मागच्या भागात तयार होतो. बाहेरून लावलेल्या कुठल्याही तेलाने किंवा सीरमने तो पुन्हा बनत नाही.

जेल काढल्यावर दिसणारे खडूसारखे पांढरे चट्टे पाहून अनेक जणी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करतात. नखात कॅल्शियम एक टक्काही नसतं. त्याचा कडकपणा येतो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. हे चट्टे म्हणजे उखडलेला पृष्ठभाग. त्यावरून प्रकाश विखुरतो आणि तो पांढरा दिसतो.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी ३५ वर्षं स्वतःच्या अंगठ्याच्या नखाची वाढ मोजली. वयाच्या ३२ व्या वर्षी ती रोज ०.१२३ मिलिमीटर होती, ६७ व्या वर्षी ०.०९५. या हिशेबाने पूर्ण नख बदलायला सहाएक महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष. जेल काढल्यावर महिन्याभराने नख उजेडात तिरकं धरून पाहा. मुळाशी गुळगुळीत, चकचकीत पट्टी दिसेल आणि पुढे खरबरीत भाग. ती सीमा दर आठवड्याला थोडी पुढे जाते.

तोवर उरलेलं नख सांभाळायचं. ते आखूड ठेवा. नखातून पाणी त्वचेपेक्षा कितीतरी वेगाने आत-बाहेर करतं. भांडी घासताना ते फुगतं, मार्च-एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी आकसतं, आणि या ओढाताणीत पापुद्रे सुटतात. म्हणून भांड्यांना हातमोजे, आणि हात धुतल्यावर खोबरेल किंवा व्हॅसलीन. त्याने नख वाढत नाही, पण पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी, कापू नका. ती मॅट्रिक्सकडे जाणारी फट बंद ठेवते. ती कापली की नखुरडं व्हायला वाट मिळते. फॉर्मल्डिहाइड असलेले हार्डनर, म्हणजे नख कडक करायला लावायची द्रावणं, तीही नकोत, त्यांनी नख आधी कडक आणि मग ठिसूळ होतं.

बायोटिन या ब-जीवनसत्त्वाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) खपतात भरपूर, पण ज्यांच्यात बायोटिनची कमतरता नाही त्यांना फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. उलट जास्त डोसमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्या चुकीच्या येतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. आणि सकाळी बागेत केस वाढावेत म्हणून नखांवर नखं घासणारे लोक दिसतात, त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: नखापासून केसाच्या मुळापर्यंत जाणारा असा कुठलाही मार्ग शरीरात नाही. पातळ झालेल्या नखांना तर ते घर्षण नकोच.

नख हिरवट झालं, बोटापासून सुटू लागलं किंवा त्यावर नवी काळी उभी रेघ दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नखांभोवती खाज आणि लाली, कधी पापण्यांवरही पुरळ, ही जेलमधलं रसायन असलेल्या अ‍ॅक्रिलेटच्या अ‍ॅलर्जीची लक्षणं असू शकतात. जेल कडक करायच्या घरगुती यूव्ही दिव्याखाली ते अर्धवट कडक झालं किंवा कातडीला लागलं, की हा धोका वाढतो. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. याच कुळातले रेणू दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधे बदलताना वापरल्या जाणाऱ्या हाडांच्या सिमेंटमध्ये असतात, तेव्हा दंतवैद्यांना आणि अस्थिरोगतज्ज्ञांना ती आधीच सांगून ठेवा.