मोठा वाद्यवृंद आणि पियानो घरी ऐकणाऱ्यांसाठी

नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून आमच्या दुकानात येणारे बहुतेक रसिक ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेले आहेत. त्यांतले बरेच जण आता बीथोव्हेन, बार्टोक अशा पाश्चात्त्य संगीतकारांकडे वळत आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र पहिली सीडी घरी नेल्यावर एक तक्रार हमखास येते : "आवाज फारच बारीक आहे हो, आणि मध्येच एकदम अंगावर येतो."

हा सीडीचा दोष नव्हे. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात माईक गायकाच्या जवळ असतो, तानपुऱ्याचा भरणा अखंड चालू असतो. सिंफनीत, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या दीर्घ रचनेत, एकट्या बासरीच्या कुजबुजीपासून ऐंशी-नव्वद वादकांच्या एकत्र गर्जनेपर्यंतचा पल्ला असतो, आणि चांगला ध्वनिमुद्रक तो शक्य तितका शाबूत ठेवतो. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ज्यांनी जवळून ऐकला आहे, त्यांना पितळी वाद्ये खरोखर किती मोठी वाजतात हे सांगायला नको. काही स्वस्त संग्रहांत हळू भाग वर ओढतात आणि मोठा भाग दाबतात. गाडीत ऐकायला ते सोयीचे पडते, पण घरी थोड्याच वेळात कान शिणतात. म्हणून सुरुवातीच्या हळू भागावर आवाज वाढवू नका. सगळ्यात जोरकस जागा लावा, ती सोसेल इतका आवाज ठेवा, मग पंखा बंद करून पहिल्यापासून ऐका. बारीक आवाज नाहीसे होतात ते बहुतेक वेळा पंख्याच्या घरघरीत.

माईक कुठे होता?

ग्राहक आधी विचारतात ते "किती बिटचे?", म्हणजे आवाज आकड्यांत किती बारकाईने नोंदवला आहे. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा : कोणत्या सभागृहात, माईक कुठे ठेवून मुद्रित केले? वाद्यवृंदाचा अर्धा आवाज सभागृहाचा असतो, आणि तो नंतर यंत्राने आणता येत नाही.

शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये वाद्यवृंद-संचालक फ्रिट्झ रायनर यांनी आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी 1954 पासून स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगळा आवाज देणारी, मुद्रणे केली. 1955 मधले बार्टोकचे 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' आजही आम्ही नव्या ग्राहकाला आधी ऐकवतो. मोजक्या माईकांवर केलेल्या या मुद्रणात कोणते वाद्य पुढे आणि कोणते मागे, हे डोळे मिटून दाखवता येते. लंडनच्या डेका कंपनीत त्याच सुमारास रॉय वॉलेस आणि सहकाऱ्यांनी तीन माईकांची रचना बसवली. वाद्यवृंदासमोर उंचावर दोन बाजूंना दोन माईक, आणि मधला थोडा पुढे. तिलाच 'डेका ट्री' म्हणतात. अमेरिकेतल्या मर्क्युरी कंपनीत विल्मा कोझार्ट आणि रॉबर्ट फाइन यांनी आधी एकाच माईकवर आणि स्टिरिओ आल्यावर तीनच माईकांवर काम केले.

डेकाची कित्येक मुद्रणे लंडनच्या किंग्सवे हॉलमध्ये झाली. त्यांतल्या काहींत हळू जागी खालून एक घरघर येते. ती इमारतीखालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची. तुमचा स्पीकर बिघडलेला नाही. जुन्या टेपची बारीक सळसळही तशीच सोडून द्या. ती पुसायला गेले की व्हायोलिनची धार आणि सभागृहाची हवाही पुसली जाते.

पियानो

यंत्राची खरी परीक्षा पियानो घेतो. हातोडी तारेवर पडते तो क्षण तीक्ष्ण असतो, आणि नंतर सूर सरळ, न हलता विरत जातो. गळ्यात किंवा सारंगीत आंदोलन असते, त्यामुळे टेपचा किंवा टर्नटेबलचा वेग किंचित डगमगला तरी तो लपून जातो. पियानोत लगेच सापडतो. एलपीचे मधले भोक जरा जरी सरकलेले असेल, तरी लांबलेले सूर डुलू लागतात. अशी प्रत आमच्याकडून गेली असेल तर खुशाल परत आणा, आम्ही बदलून देऊ.

ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकाने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या एकाच स्टुडिओत दोनदा वाजवली : 1955 मध्ये मोनोत (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज), 1981 मध्ये डिजिटलवर. पहिले सुमारे 38 मिनिटांचे, दुसरे 51 मिनिटांचे. पियानोही वेगळे, आधी स्टाइनवे, नंतर यामाहा. दोन्ही पाठोपाठ ऐका. दुसरे अधिक स्वच्छ आहे, तरी पहिल्याची चपळाई मोनोमुळे कमी झालेली नाही. दोन्हींत तो वाजवताना गुणगुणतो, तेही ऐकू येईल.

एलपी, सीडी की मोठी फाइल?

एलपी एकाच गतीने फिरते, मिनिटाला 33⅓ फेरे. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम 20. सिंफनीचा सगळ्यात मोठा कळस बहुधा शेवटी येतो, म्हणजे नेमका या अरुंद जागेत, आणि तिथे आवाज फाटतो. सीडीला ही अडचण नाही. सीडीचे 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ (सेकंदाला 44,100 नोंदी) घरी ऐकायला पुरेसे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. 24 बिटचा खरा उपयोग मुद्रण करताना होतो. वाईट मुद्रण मोठ्या फाइलमध्ये भरले तरी वाईटच राहते. आम्ही एलपीही विकतो, पण मोठ्या वाद्यवृंदासाठी पहिली खरेदी सीडीची करा असेच सांगतो.

आपल्याकडची घरे, आपला पाऊस

जुन्या घरांत अर्थिंग नसते, मग स्पीकरमधून 50 हर्ट्झची गुणगुण येते. पियानोचा सर्वांत खालचा सूर 27.5 हर्ट्झचा. म्हणजे ही गुणगुण डाव्या हाताच्या मंद्र सुरांच्या मधोमध बसते. महाग अॅम्प्लिफायर घेण्याआधी वायरमनला बोलवा. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतील तर खोलीचा घुमारा सभागृहाच्या घुमाऱ्यावर चढतो. खाली जमखाना अंथरा आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घ्या, लगेच फरक कळेल.

जून ते सप्टेंबर रेकॉर्डना बुरशी धरते, खानापूर-जांबोटीकडे तर फारच. रेकॉर्ड उभ्या ठेवा, ओलसर कागदी पाकिटे बदला. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य साबणाने धुवा, लेबल भिजू देऊ नका. आजोबांच्या काळातल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांना मात्र स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. शंका असेल तर तबकडी तशीच घेऊन या.

दुकानात ऐकण्याची खोली आहे, ऐकण्याचे पैसे नाहीत. येताना तुमच्या चांगल्या ओळखीची एक सीडी आणा, ख्यालाची असली तरी चालेल. त्याच यंत्रावर आधी ती लावू, मग रायनर.