शाळेच्या अंदाजपत्रकात पालकांचं म्हणणं: शाळा विकास आराखडा कसा करावा, कुठे द्यावा

जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेच्या शाळेत मूल शिकत असेल, तर शाळेसाठी काय मागायचं हे ठरवण्यात पालकांना कायद्याने स्थान आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि कलम २२ मध्ये शाळा विकास आराखडा. शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करायच्या नियोजनाचा आणि द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल, असं कायदा म्हणतो. तरी अनेक ठिकाणी तो मार्चच्या घाईत मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि सह्या नंतर गोळा होतात. तोवर जिल्ह्याचं नियोजन वर गेलेलं असतं.

समितीत कोण येऊ शकतं

शाळेच्या पटावर ज्याचं मूल आहे तो पालक. त्यासाठी शुल्क नाही. निवड पालकसभेत होते. समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा मिळते, त्यामुळे अशा जागेसाठी मुलाच्या जातीच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवा. महाराष्ट्रात समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनते, बैठक दरमहा अपेक्षित असते. अध्यक्ष-उपाध्यक्ष पालकांतूनच निवडतात, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. खाजगी अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देते. आराखड्याची सक्ती तिथे नाही. विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही.

आराखड्यात काय लिहायचं

आराखडा तीन वर्षांचा, त्यात दर वर्षाचा उपआराखडा. चार गोष्टी लागतात: वर्गनिहाय अपेक्षित पट, आणखी लागणारे शिक्षक (पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी वेगळे), खोल्या व साहित्याची गरज, आणि या सगळ्याचा वर्षनिहाय खर्च.

मागणी मोजून लिहा. समजा, पहिली ते पाचवीच्या शाळेचा पट ८७ आहे. कायद्याच्या अनुसूचीत ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली सांगितली आहे. शिवाय मुख्याध्यापकांच्या कार्यालयासाठी एक खोली. शाळेत शिक्षक दोन आणि वापरण्याजोग्या खोल्या दोन असतील, तर ठराव असा हवा: "पट ८७, अनुसूचीनुसार शिक्षक ३, कार्यरत २, कमी १. खोल्या हव्यात ४, वापरात २, कमी २." 'शाळेला शिक्षक व इमारत मिळावी ही विनंती' असा ठराव तालुक्याच्या तक्त्यात बसतच नाही, कारण तिथे रकान्यात आकडा लागतो.

सगळ्यात जास्त मागण्या अडतात त्या यू-डायस प्लसच्या, म्हणजे दर शाळेची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीच्या, नोंदीत. ही माहिती ३० सप्टेंबर या संदर्भ तारखेची असते आणि वरची छाननी तिच्यावरूनच होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, पाणी नाही, पण नोंद 'वापरात' अशी असेल, तर कागदोपत्री गरजच उरत नाही. ठराव कितीही चांगला लिहिला तरी मग उपयोग नाही. म्हणून माहिती अंतिम होण्याआधी भरलेल्या अर्जाची प्रत समितीच्या बैठकीत मागा आणि स्वच्छतागृह, पाणी, वीज, रॅम्प, संरक्षक भिंत, खोल्यांची स्थिती या नोंदी शाळेत फिरून ताडून बघा. हे काम तासाभराचं आहे.

सोबत जोडायची कागदपत्रं

बैठकीच्या इतिवृत्तातल्या ठरावाची प्रत, पटाचा गोषवारा, यू-डायस प्लसच्या अर्जाची प्रत, फोटो, आणि बांधकाम असेल तर शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक. नवी खोली हवी असेल तर जागेचा उतारा. पडकी खोली पाडून तिथेच बांधायचं असेल, तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे जुनी खोली नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव द्यावा लागतो. तो मंजूर नसेल तर जुनी खोली हिशोबात 'आहे' अशीच धरली जाते आणि नवीन मिळत नाही.

आराखड्यावर अध्यक्ष किंवा उपाध्यक्षांची आणि सदस्य सचिवांची सही घ्या. डिसेंबरअखेर तो तयार ठेवा आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. आवक क्रमांक असलेली पोच घ्यायला विसरू नका. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेचं वार्षिक नियोजन तिथून जिल्हा, मग मुंबईची महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, आणि शेवटी दिल्लीतलं मंजुरी मंडळ असं जातं.

एकाच दारात थांबू नका. स्वच्छतागृह आणि पाण्याची मागणी ग्रामपंचायत विकास आराखड्यातही घालता येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२५-२६ पर्यंतच्या, निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे फक्त पाणी-स्वच्छतेसाठी राखीव, होती. त्यासाठी समितीचा ठराव २ ऑक्टोबरच्या सुमाराच्या ग्रामसभेत मांडून तिच्या इतिवृत्तात यायला हवा. खोल्यांच्या दुरुस्तीला जिल्हा नियोजन समितीचा निधीही मिळतो, मात्र तिथे अंदाजपत्रकाशिवाय फाईल हलत नाही.

आलेल्या पैशावर लक्ष

समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. निकषांप्रमाणे ३० पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे, म्हणजे वरच्या ८७ पटाच्या शाळेत २,५०० रुपये. अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचं कायद्यातलं काम आहे, तेव्हा दर बैठकीत रोकडवही आणि बिलं टेबलावर मागायला संकोच नको. हा पैसा बहुधा हप्त्यांनी आणि उशिरा येतो; खर्चाचा प्राधान्यक्रम आधीच ठरावात नसेल तर मार्चमध्ये जे हाताशी येईल ते घेतलं जातं.

आराखडा दिला आणि उत्तरच आलं नाही, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून त्यावर काय कार्यवाही झाली ते विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस. शिक्षक, खोली किंवा स्वच्छतागृह नसणं ही मुलाच्या हक्काची तक्रार आहे. ती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करा. निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीला ठरावाची प्रत आणि ती आवक क्रमांकाची पोच जोडा.