कॅलिफोर्निया विद्यापीठ निवृत्तिवेतन योजना : आर्थिक स्थिती

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यापक व कर्मचाऱ्यांसाठीची निश्चित-लाभ योजना, म्हणजे निवृत्तिवेतनाची रक्कम ठरावीक सूत्राने आधीच निश्चित असलेली योजना. सध्याच्या स्वरूपात ती सामान्यतः १९६१ पासूनची मानतात. सेवेची वर्षे, निवृत्तीचे वय आणि सर्वाधिक वेतनाच्या सलग ३६ महिन्यांची सरासरी यांवरून निवृत्तिवेतन ठरते. राज्य कर्मचाऱ्यांच्या ‘कॅलपर्स’ या निधीपासून ती स्वतंत्र असून तिचा कारभार विद्यापीठाचे रीजंट मंडळ (नियामक मंडळ) पाहते.

दायित्वापेक्षा, म्हणजे कबूल केलेल्या निवृत्तिवेतनाच्या एकूण देण्यापेक्षा, निधी बराच वाढल्यामुळे नोव्हेंबर १९९० मध्ये विद्यापीठ व कर्मचारी या दोघांचीही वर्गणी थांबविण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली थेट २०१० मध्ये. दरम्यान कर्मचाऱ्यांचा वाटा वेगळ्या बचत खात्यात वळविला जात होता. पुढे निधी दायित्वाच्या मानाने कमी पडला. या तुटीचे कारण म्हणून अनेकदा २००८ ची बाजारातील पडझड सांगितली जाते. परंतु सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक नवे दायित्व जमा होत होते आणि ते केवळ शिल्लकीतून भागविले जात होते. २००० च्या सुमारास दायित्वाच्या दीडपटीच्या आसपास असलेला निधी पडझडीपूर्वीच उतरणीला लागला होता. त्यामुळे वर्गणीबंदी हेच मूळ कारण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पडझडीने तुटीचा वेग वाढविला, इतकेच. शिवाय विमागणिती मूल्यांकनात (भावी देणी व निधी यांच्या गणिती हिशेबात) गुंतवणुकीवरील नफातोटा पाच वर्षांत विभागून धरतात, म्हणून तो तोटा ताळेबंदात सावकाश उमटला.

दायित्वाचा आकडा गृहीत व्याजदरावर, म्हणजे भविष्यातील देण्यांचे आजचे मूल्य काढताना धरलेल्या दरावर, फार अवलंबून असतो. येथे तो ७.५ टक्के होता. २०१५ मध्ये ७.२५ आणि २०१९ मध्ये ६.७५ टक्के करण्यात आला. दर उतरला की, एकही नवा निवृत्तिवेतनधारक न वाढता, दायित्व फुगते. निवृत्तिवेतनाचे वचन जवळपास अटळ असल्याने त्याचे मूल्य जोखीममुक्त रोख्यांच्या दराने काढावे, असे काही अर्थशास्त्रज्ञांचे मत आहे. तसे केल्यास तूट कितीतरी मोठी दिसते. सार्वजनिक योजनांचे विमागणिती (असा हिशेब करणारे तज्ज्ञ) मात्र या दरासाठी गुंतवणुकीवरील अपेक्षित परतावाच धरतात. वर्गणी ठरविण्यास ही रीत सोयीची असली, तरी वचनाचे खरे ओझे तीत झाकले जाते.

कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनी सेवेतील कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या हक्कांना कराराचे संरक्षण दिल्याने सुधारणांचा भार मुख्यतः नव्या भरतीवर पडला. जुलै २०१३ पासून रुजू झालेल्यांसाठी पूर्ण लाभाचे वय ६० वरून ६५ करण्यात आले. जुलै २०१६ पासूनच्या भरतीला निवृत्तिवेतनपात्र वेतनाची (निवृत्तिवेतनासाठी हिशेबात धरल्या जाणाऱ्या वेतनाची) मर्यादाही लागू झाली. या मर्यादेच्या बदल्यात राज्याने तीन वर्षांत मिळून सुमारे ४३.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.