बिझेन की शिगाराकी? राख सोडा, बूड बघा

बिनझिलईची जपानी फुलदाणी दिसली, अंगावर वितळलेली राख दिसली, की ‘बिझेन’ म्हणून मोकळं व्हायचं, मग ती शिगाराकी का असेना. (दोन्ही जपानमधली कुंभारकामाची ठिकाणं, आणि तिथल्या भांड्यांचीही तीच नावं.) कंटाळा आला याचा. (‘टेराकोटा’ म्हणणाऱ्यांशी वादच नको. टेराकोटा हजार अंशांच्या आसपास भाजतात आणि तो पाणी पितो. बिझेन आणि शिगाराकी ही दोन्ही स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी, बाराशेच्या पुढची.)

बिझेन तुम्हाला ठाऊक आहेच: ओकायामा प्रांतातलं इम्बे गाव, भातशेतांखालची चिकट, लोहाची माती, दहा-बारा दिवसांची संथ भट्टी. तिथले कुंभार काकुरेझाकी रियुइची यांच्या धारदार कडांच्या फुलदाण्याही पाहिल्या असतील.

घोळ होतो तो राखेवरून. पिवळट ठिपके, म्हणजे ‘गोमा’ (तीळ), दिसले की बिझेन; हिरवी काच, म्हणजे ‘बिदोरो’ (पोर्तुगीज ‘विद्रो’वरून), दिसली की शिगाराकी. हे अर्धंच खरं. पाइनच्या लाकडाची राख दोन्हीकडे तीच. बिझेनच्या मातीतलं लोह वितळत्या राखेत उतरतं, म्हणून रंग पिवळा-तपकिरी. शिगाराकीच्या मातीत लोह कमी आणि ती जास्त आच सोसते. भट्टीत प्राणवायू कमी पडला की राखेची हिरवी काच होते. पण चुलीच्या तोंडाशी ठेवलेल्या बिझेनवरही राख ओघळते, कधी हिरवटसुद्धा होते. उलट राख पोहोचली नाही, तर शिगाराकीवर बिदोरोचा थेंबही नसतो, नुसती शेंदरी झाक. भांडं भट्टीत कुठे उभं होतं ते राख सांगते. कुठल्या गावचं, ते नाही.

म्हणून भांडं उलटं करा. शिगाराकीच्या बुडाशी फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे खडे दिसतात, अर्धवट शिजलेल्या साबुदाण्यासारखे. तारेने कापलेल्या बाजूवर हेच खडे तारेबरोबर ओढले जाऊन चर पडतात. हे चर कोणी सँडपेपरने घासून काढले, की मला फार राग येतो. बिझेनचा काप मात्र वडीसारखा सफाईदार.

घडवणाऱ्याचं गणितही इथेच बदलतं. बिझेनची माती खूप आकसते. पट्ट्या जोडून केलेलं काम घाईने वाळवलं की सांधा उकलतो, आच भरभर चढवली तर अंग फुगतं. शिगाराकीत खड्यांमुळे वाफेला वाट मिळते, म्हणून जाड भिंतीची, मोठी, ओबडधोबड शिल्पं तिच्यातच करावीत. बदल्यात ती कधी पाझरते. लाकडी फळीवर ठेवण्याआधी पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. कागद ओला झाला, तर आत काचेची नळी बसवा. वार्निश नको.